सेवा करणाऱ्या बाईचा हिशेब कोण ठेवणार?

लातूर जिल्हा परिषदेने नोव्हेंबर २०२० मध्ये एक ठराव केला. जो कर्मचारी आपल्या आई-वडिलांना सांभाळत नाही, त्याच्या पगारातून ३० टक्के रक्कम कापायची आणि ती आई-वडिलांच्या बँक खात्यात जमा करायची! फेब्रुवारी २०२१ पर्यंत १२ कर्मचाऱ्यांविरुद्ध तक्रारी आल्या. त्यात सहा शिक्षक होते. सात जणांचा पगार प्रत्यक्ष कापला गेला. वर्तमानपत्रांनी बातमी छापली, लोकांनी जिल्हा परिषदेची पाठ थोपटली. ठराव चांगलाच होता. १९७२ च्या दुष्काळात सुकडी खाऊन ज्यांनी खडी फोडली आणि पोराला शाळेत घातले, त्यांच्या ताटात पोराच्या पगाराचा वाटा आलाच पाहिजे.

पण पैसे खात्यात जमा झाले म्हणजे सेवा झाली काय? पक्षाघाताने एक अंग गेलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. नाही बदलली तर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात, त्या चिघळतात आणि माणूस मूळ आजाराऐवजी त्या जखमांनीच जातो. पासबुकाने कूस बदलत नाही. त्याला दोन हात लागतात. ते हात सुनेचे नाहीतर लेकीचे असतात, आणि तेही नसतील तर पगारी लावलेल्या बाईचे. आज या बाईविषयी लिहायचे आहे. त्या ठरावात तिचा उल्लेख नव्हता. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा २००७ चा जो कायदा आहे, त्यातही तो नाही.

त्या कायद्याची गंमत पाहा. त्यात 'अपत्य' म्हणजे मुलगा, मुलगी, नातू आणि नात. सून त्या व्याख्येत नाहीच. कायद्याने जिच्यावर एक पैशाची जबाबदारी टाकलेली नाही तीच घरात सगळे करते, आणि ज्याच्यावर टाकली आहे तो साहेब पुण्याहून व्हिडिओ कॉल करतो. २०१९ साली लोकसभेत जे दुरुस्ती विधेयक आले त्यात सून-जावई घातले होते, घरी येऊन सेवा देणाऱ्या संस्थांवर नियमन आणण्याचाही विचार होता. ते विधेयक मंजूर झाले नाही. २०२४ साली लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही गेले.

आपल्या समाजापुढे हा प्रश्न नव्याने उभा राहिला आहे, हे आधी मान्य करू. १९५६ साली विशीत धम्मदीक्षा घेतलेला माणूस आज नव्वदीच्या घरात आहे. १९७८ साली नामांतरासाठी लाठ्या खाल्लेला तरुण आज सत्तरीच्या आसपास आहे. यातले कितीतरी जण शिक्षक झाले, तलाठी झाले, बँकेत, एस.टी.त, पाटबंधारे खात्यात लागले. नांदेडच्या सिडकोत, तरोड्यात, लातूरच्या औसा रोडला, अंबाजोगाई रोडला त्यांनी घरे बांधली. मुलांना 'लातूर पॅटर्न'मध्ये घातले. तो पॅटर्न इतका यशस्वी झाला की मुले पुण्याला, हैदराबादला, बंगळूरला गेली, काही सातासमुद्रापार गेली, आणि माडी चढवलेल्या घरात दोन म्हातारी माणसे उरली. त्यातल्या एकाने अंथरूण धरले की फोन येतो, "बाई बघा कोणीतरी, पैशाची काळजी करू नका."

पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याच्या वाड्यावर राबलेल्यांचे घर असे पहिल्यांदाच मालकाचे घर होते. मालक होणे हेही शिकावे लागते. असे बोलले की काही लोकांना राग येतो, येऊ द्या.

पुण्या-मुंबईत बाई पुरवणारे ब्युरो आहेत, ते आपले कमिशन कापतात. नांदेड-लातूरला बाई बहुतेक तोंडओळखीने मिळते. आई दवाखान्यात असताना वॉर्डातली मावशी बरी वाटते आणि सुट्टी मिळण्याच्या दिवशी तिलाच विचारले जाते, "मावशी, घरी येता का सकाळ-संध्याकाळ?" नाहीतर विहारात विषय निघतो आणि कोणीतरी वस्तीतल्या एखाद्या विधवा बाईचे नाव सांगते. पूर्ण दिवसाची बाई परवडत नाही, रात्रीची मिळत नाही. म्हणून सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास असे ठरते. उभ्या उभ्या, दारात ठरते. महिन्याचा आकडा ठरतो. काम काय, हे ठरतच नाही!

सकाळच्या त्या दोन तासांत काय येते ते विशेषतः पुरुष वाचकांनी नीट वाचावे. रात्रीचा डायपर काढणे, मलमूत्र स्वच्छ करणे, कोमट पाण्याने अंग पुसणे, पाठीवर कुठे लाल झाले आहे का ते बघणे, चादर बदलणे, कवळी धुऊन बसवणे, पातळ खिचडी चमच्याने भरवणे, कोणती गोळी खाण्याआधी आणि कोणती नंतर ते लक्षात ठेवणे, मग साठ-सत्तर किलोचा देह एकटीने उचलून खुर्चीत बसवणे. विस्मरणाचा आजार असेल तर म्हातारा मारतो, शिव्या देतो, घास थुंकतो. त्यात लातूरच्या पाण्याची तऱ्हा. २०१६ साली ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे घाण झालेल्या चादरी धुवायला पाणी राखून ठेवणे हेही काम होते आणि ते तिच्याच गळ्यात पडते. महिना झाला की "जाता जाता तेवढी भांडी घासा", पुढच्या महिन्यात "झाडूनही घ्या", पाहुणे आले की "चार पोळ्या टाका". दोन तासांचे साडेतीन होतात. दुसऱ्या घरी तिला उशीर होतो, तिथे बोलणी बसतात. आकडा मात्र पहिल्या दिवशी दारात ठरला तोच. काम अर्धवेळ आहे ते फक्त पगार देताना!

आता जातीकडे येऊ. सप्टेंबर २०१७ मध्ये पुण्यात हवामान खात्यातील एका वरिष्ठ शास्त्रज्ञ बाईंनी, सोवळ्याच्या स्वयंपाकाला आलेल्या महिलेने जात लपवली म्हणून पोलिसांत तक्रार दिली होती. महाराष्ट्रभर संताप झाला, पुढे तक्रार मागे घेतली गेली. चुलीसाठी जात विचारली जाते हे त्या वेळी सर्वांनी पाहिले. बेडपॅनसाठी जात विचारावी लागत नाही, ती धरूनच चालतात. त्यावर कोणी बोलले नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या विष्णुपुरी येथील शासकीय रुग्णालयात मृत्यूंचे सत्र घडले, तेव्हा हिंगोलीचे तत्कालीन खासदार हेमंत पाटील यांनी प्रभारी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावले. अॅट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला, देशभर बातमी झाली. एका डॉक्टरच्या हातात झाडू दिला की तो अपमान आहे हे सर्वांना कळते. पण तोच झाडू आणि तेच फडके रोज जिच्या हातात असते, तिच्याबाबतीत ते नुसते 'काम' असते.

सवर्णांच्या घरात ही बाई आजीचे सगळे करते आणि तिचा चहाचा कप खिडकीत वेगळा पालथा घातलेला असतो. असे सांगणाऱ्या बायका माझ्याकडे आल्या आहेत. आपल्या घरात कप वेगळा नसतो हे खरे. आपल्या घरात दुसरेच एक होते. बाई आपल्याच वस्तीतली, कधी नात्यातली, कधी मातंग, कधी मुस्लिम. तिला 'घरच्यासारखी' म्हटले जाते. या 'घरच्यासारखी'मध्ये वेतन बुडते. घरच्या माणसाला सुट्टी कशाला, घरच्या माणसाशी हिशेब कसला, घरच्या माणसाने आजारी पडल्यावर पैसे मागायचे का? वाटणीत हिस्सा मागायची वेळ आली की मग मात्र ती परकी!

एका निवृत्त अधिकाऱ्याच्या घरी मी ऐकलेले वाक्य सांगते. बाईने नातेवाइकाच्या लग्नाला जायला दोन दिवस मागितले. उत्तर मिळाले, "जा, पण पोरीला पाठव." पोरगी आठवीत. हे वाक्य आपण कुठे ऐकले आहे? महार वतनाचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांना ते ओळखीचे वाटेल. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात आणले, तेव्हा त्यांची तक्रार हीच होती की वतनदार महाराच्या कामाला तासांची मर्यादा नाही, मोबदल्याचा नेम नाही आणि तो हजर नसला तर त्याच्या घरातल्या माणसाला राबायला बोलावतात. मराठवाडा तेव्हा निजामाकडे होता, तो कायदा इकडे लागू नव्हता, पण वेठ इकडेही होतीच. एका माणसाचे काम सगळ्या कुटुंबाच्या मानेवर बसणे, ही वेठीची खूण. आणि ती आठवीतली पोरगी चौदाच्या आतली असेल तर तिला घरकामाला ठेवणे २००६ पासून गुन्हा आहे, हेही त्या साहेबांनी लक्षात घ्यावे. त्यांच्या दिवाणखान्यात बाबासाहेबांचे सर्व खंड लावलेले आहेत.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडला होता, कोणी त्याच्याकडे बघत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला मंचावर निजवले. भगवान बुद्धांनी स्वतःच्या हाताने केलेले हे काम हलके कसे? सिगालोवाद सुत्तात तर गृहस्थाने आपल्याकडे काम करणाऱ्यांशी कसे वागावे ते सांगितलेच आहे. झेपेल तेवढेच काम, अन्न आणि वेतन, आजारपणात काळजी, गोडधोडात वाटा आणि वेळच्या वेळी सुट्टी. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी. आजच्या आपल्या राज्याचा कायदा तिथपर्यंतही पोचलेला नाही.

महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यात नोंदणी आहे, काही कल्याणकारी योजना आहेत. कामाचा ताशी दर त्या कायद्याने ठरत नाही. देगलूर-उदगीर ओलांडले की कर्नाटकाची हद्द लागते. त्या राज्याने २००४ सालीच घरकामगारांचे किमान वेतन अधिसूचित केले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार २०११ साली केला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण त्याला मान्यता दिलेली नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अजय मलिक विरुद्ध उत्तराखंड राज्य या प्रकरणात, घरकामगारांसाठी वेगळा कायदा करण्याचा विचार व्हावा म्हणून केंद्राने समिती नेमावी असे सांगितले. समिती, अहवाल, मसुदा, अधिवेशन... तोवर आपल्या घरातली बाई थांबू शकत नाही. म्हणून जे आपल्या हातात आहे ते सांगते.

बाई ठेवताना एक साधा कागद करा. स्टॅम्पपेपर लागत नाही. वेळ किती ते वाजले-वाजेपर्यंत लिहा. कामे लिहा, आणि जी तिची नाहीत तीही लिहा. भांडी, झाडलोट तिने करायची असेल तर त्याचे पैसे वेगळे. इंजेक्शन देणे, नाकातली नळी किंवा लघवीची नळी बदलणे, जखमेची पट्टी करणे ही प्रशिक्षित परिचारिकेची कामे आहेत. ती मावशीकडून करून घेऊ नका. काही बरेवाईट झाले तर ती अडकेल आणि तुमचा माणूस जाईल. जड माणसाला उचलायला घरातल्या दुसऱ्या कोणाचा हात लागेल, तो कोणाचा, हेही लिहा. त्या वेळी घरातल्या पुरुषाने मोबाईल बाजूला ठेवून उठायचे. आठवड्याची एक सुट्टी पगारी. तुमची आई दहा दिवस मुलाकडे गेली किंवा दवाखान्यात भरती झाली तर त्या दहा दिवसांचा पगार कापू नका, कारण तिने ती वेळ तुमच्यासाठी राखून ठेवली आहे आणि दुसरे घर सोडले आहे. पगार दर महिन्याच्या ठरल्या तारखेला, खात्यावर किंवा सही घेऊन. आगाऊ रक्कम दिली तर ती कशी फिटणार ते लिहा. उचलीच्या नावाखाली माणूस बांधून ठेवण्याची रीत ऊसतोडीच्या फडात पुष्कळ आहे, ती घरात आणू नका.

ओळखपत्राची प्रत घ्या, मूळ कागद ठेवून घेऊ नका. आणि तिलाही तुमचा पत्ता, मुलाचा फोन नंबर द्या. चौकशी दोन्ही बाजूंनी असावी. आईचे एटीएम कार्ड, पेन्शनचे पासबुक तिच्या हाती देऊ नका, म्हणजे उद्या संशयाला जागा राहणार नाही. कपाटातली अंगठी सापडली नाही की पहिले बोट हिच्याकडे जाते आणि बहुतेक वेळा ती अंगठी चार दिवसांनी म्हातारीच्याच उशीखाली सापडते. तोपर्यंत वस्तीत तिची अब्रू गेलेली असते.

आणखी एक गोष्ट, जी आपण बोलत नाही. अंथरुणातला म्हातारा असो की घरातला धडधाकट जावई, बाईशी गैरवर्तन होते. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरालाही कामाचे ठिकाण मानतो. त्यातल्या घरकामगाराच्या व्याख्येत पूर्णवेळ आणि अर्धवेळ दोन्ही येतात. जिल्ह्याच्या ठिकाणी स्थानिक समिती असते, तिच्याकडे तक्रार करता येते. ज्यांच्याकडून ते घडते तो कधी आजारामुळे भान हरपलेला असतो. अशा वेळी घरच्यांनी ते आधीच बाईला सांगितले पाहिजे आणि अंघोळीच्या वेळी घरातला पुरुष शेजारी उभा राहिला पाहिजे. "आजारी आहेत, मनावर घेऊ नका" एवढ्याने भागत नाही.

पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न खरा आहे. भावाभावांत म्हातारपण वाटून घेतात, सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे, आणि बाईचा पगार कोणी द्यायचा यावर घोडे अडते. २००७ च्या कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे आई किंवा वडील अर्ज करू शकतात. त्यासाठी वकील लागत नाही, हे मी वकील असून सांगते. निर्वाहाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवारा यांच्याबरोबर वैद्यकीय शुश्रूषा आणि उपचारही आहेत. माझ्या मते सेवेला लावलेल्या बाईचा पगार या शुश्रूषेत सरळ बसतो आणि अर्जात तो वेगळा रकाना करून, महिन्याचा हिशेब जोडून मागितला पाहिजे. वर सांगितलेला सहीचा कागद इथे पुरावा म्हणून कामाला येतो. अडचण एवढीच की कमाल रक्कम महिन्याला १० हजार आहे, २००७ साली ठरलेली. औषधे, डायपर आणि बाई एवढ्यात बसवून दाखवावे कोणीतरी! २०१९ च्या विधेयकात ही मर्यादा काढायची होती.

ज्यांना पगारी मुलगाच नाही त्यांचे काय? मुलगा-सून ऊसतोडीला गेले की दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत गावातल्या वस्तीत म्हातारी माणसेच असतात. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये. ७० वर्षांवरील सर्वांना २०२४ पासून आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंत उपचार, पण ते रुग्णालयात भरती झाल्यावर. घरी आणून टाकल्यावर पुढे काय, यावर योजना गप्प आहे. जर्मनीने १९९५ साली आणि जपानने २००० साली म्हातारपणीच्या शुश्रूषेसाठी वेगळा विमाच सुरू केला. त्या श्रीमंत देशांची गोष्ट सोडून देऊ. केरळने २००८ साली धोरण करून पंचायतींमार्फत अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी परिचारिका पाठवायला सुरुवात केली. केरळची पंचायत करते ते मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदेला अशक्य आहे काय?

आणि ती बाई स्वतः? नांदेडला माझ्या ओळखीची एक जण दोन घरी जाते, दोन्हीकडे अंथरुणातली माणसे आहेत. तिच्या पत्र्याच्या खोलीत तिची सासू आहे, नजर गेलेली. सकाळी सहाला ती सासूजवळ तांब्या आणि भाकरी ठेवून निघते, दुपारी येऊन तिला उठवते आणि चारला पुन्हा बाहेर पडते. तिने तीन वर्षांपूर्वी मंडळाकडे नोंदणीसाठी कागद गोळा केले. ज्या घरात काम करते त्या घराचा दाखला त्यात हवा असतो. एका घराने "आमच्यावर काही येईल का" म्हणून दिला नाही, दुसऱ्याने "बघू" म्हटले. दाखला म्हणजे चार ओळी आणि एक सही. त्यात घरमालकाला काहीही भरावे लागत नाही. या महिन्यात आम्ही काही वकील मंडळी नांदेड आणि लातूरच्या कामगार कार्यालयांना निवेदन देणार आहोत, की घरमालकाने दाखला नाकारला तर बाईचे स्वयंघोषणापत्र आणि वस्तीतल्या दोन साक्षीदारांच्या सह्या चालाव्यात. दुसरे निवेदन लातूर जिल्हा परिषदेला आहे. पगार कापण्याचा ठराव तिथे झालाच आहे. आता प्राथमिक आरोग्य केंद्रांमार्फत वस्तीतल्या बायकांना शुश्रूषेचे प्रशिक्षण द्यावे आणि त्यांची नावे व ठरलेला ताशी दर केंद्राच्या फलकावर लावावा, असे त्यात आहे. ज्यांच्या घरी अशी बाई येते त्यांनी निवेदनावर सही करायला येताना तिला सोबत आणावे.